शाळेआधीची सहा वर्षे : कुटुंब, खेळ आणि वाचन

प्रश्नाची व्याप्ती

जन्मापासून वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत मुलाच्या शरीराची, भाषेची, विचारशक्तीची आणि भावजीवनाची जी घडण होते तिला प्रारंभिक बालविकास असे म्हटले जाते. या वर्षांचा पुढील आयुष्यावर दूरगामी परिणाम होतो, याविषयी आता फारसे दुमत उरलेले नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मेंदूच्या एकूण वाढीपैकी 85 टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, या विधानाचा आधार घेऊन तीन ते आठ वर्षे या वयोगटाचा ‘पायाभूत स्तर’ ठरवला. मतभेद आहेत ते त्यापुढील प्रश्नांविषयी : या घडणीत घराचा वाटा किती आणि संस्थेचा किती, मुलाला मोकळे खेळू द्यावे की खेळ योजून द्यावेत, आणि पुस्तक व अक्षर यांचा प्रवेश केव्हा आणि कोणत्या रूपात व्हावा.

हे तीन प्रश्न बहुधा वेगवेगळे चर्चिले जातात. कुटुंबाविषयी मानसशास्त्रज्ञ व बालरोगतज्ज्ञ लिहितात, खेळाविषयी बालशिक्षणातील कार्यकर्ते, तर वाचनाविषयी भाषाशिक्षणाचे अभ्यासक आणि बालसाहित्यिक. गेल्या तीन दशकांतील संशोधन एकत्र ठेवून पाहिले, तर या तिन्ही चर्चा एकाच ठिकाणी येऊन थांबतात असे दिसते : मुलाच्या बोलण्याला, हावभावाला, कृतीला जाणतेपणाने प्रतिसाद देणारे मोठे माणूस त्याच्याजवळ आहे का, आणि त्या माणसाला तेवढी सवड आहे का. प्रस्तुत आढावा याच सूत्राने पुढे जातो.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

मराठी समाजात बालशिक्षणाचा विचार पाश्चात्त्य प्रयोगांच्या परिचयातून सुरू झाला असला, तरी त्याने लवकरच स्वतःची वाट काढली. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो या कष्टकरी वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्या विचारांच्या प्रभावातून गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले, आणि राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि पुढे मराठी ‘शिक्षणपत्रिका’ व दादरचे शिशुविहार यांमधून हा विचार मराठी मध्यमवर्गापर्यंत पोहोचला.

या इतिहासातील निर्णायक वळण 1945 चे आहे. त्या वर्षी ताराबाईंनी शहरातील काम मागे ठेवून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे दिसताच शिक्षिकांनी साहित्य घेऊन वस्तीतल्या अंगणातच बसायचे ठरवले आणि त्यातून ‘अंगणवाडी’ आकाराला आली. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुलांपैकी काही गुरे राखत, काहींच्या कडेवर धाकटे भावंड असे. गुराख्यांसाठी कुरणातच भरणारी शाळा निघाली, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांना एका छताखाली आणणारी विकासवाडी उभी राहिली, म्हणजे भावंड पाळण्यात आणि थोरले मूल वर्गात, अशी सोय झाली. माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने आणि माती आली. कुटुंबाची रोजची परिस्थिती आणि मुलाचे शिकणे यांचा एकत्र विचार करण्याची ही पद्धत पुढे जगभरच्या अहवालांत ‘एकात्मिक सेवा’ या नावाने मांडली गेली. कोसबाडने ती गरजेपोटी आधीच अमलात आणली होती, ही बाब मराठी वाचकानेही पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने देशातील 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांसाठी आरोग्यशिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा होत्या. प्रत्यक्षात आहार पुढे राहिला आणि शिक्षण मागे पडले. कायद्याच्या बाजूने पाहिले तर 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क ठरवले, मात्र सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण मार्गदर्शक तत्त्वांतच राहिले. त्यामुळे या वयाची जबाबदारी आजही कुटुंब, खासगी बालवाड्या आणि अंगणवाडी यांच्यात विखुरलेली आहे.

कुटुंब : जवळीक, बोलणे आणि परिस्थिती

कुटुंबाविषयीच्या आधुनिक संशोधनाची सुरुवात वियोगाच्या अभ्यासातून झाली. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात स्थिर मायेच्या अभावी मुलांची वाढ खुंटते असे मांडले, आणि त्यातून पुढे भावबंधाचा सिद्धान्त, म्हणजे मूल व त्याचा मुख्य सांभाळकर्ता यांच्यातील विश्वासाचे नाते हा मानसिक वाढीचा पाया मानणारा विचार, विकसित झाला. या विचाराला सर्वांत ठोस आधार रुमानियातून मिळाला. बुखारेस्टच्या अनाथगृहांतील 136 मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निवडून पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांना त्याचा सर्वाधिक लाभ झाला.

कुटुंब असणे पुरेसे आहे, की कुटुंबाने काही विशिष्ट करणे आवश्यक आहे, हा त्यापुढचा प्रश्न. जमैकातील किंग्स्टन येथे 1980 च्या दशकात वाढ खुंटलेल्या 129 बालकांवर झालेला प्रयोग या संदर्भात वारंवार सांगितला जातो. आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला घरी जात, टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी नेत आणि मुलाशी कसे खेळावे व बोलावे हे आईला करून दाखवत. वीस वर्षांनी या मुलांची कमाई तुलनेतील गटापेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी अधिक आढळली. याच अभ्यासक्रमाच्या धर्तीवर ओडिशातील 192 गावांत झालेल्या चाचणीत घरभेटी आणि मातांच्या गटबैठका या दोन्ही पद्धतींचा मुलांच्या विकासावर जवळजवळ सारखाच अनुकूल परिणाम झाला, आणि गटबैठकांचा खर्च बराच कमी आला. भारतासारख्या देशात हा निष्कर्ष धोरणाच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण प्रत्येक घरी दर आठवड्याला पोहोचणारी यंत्रणा उभारणे अवघड असते, महिलांची बैठक मात्र गावोगाव भरतेच.

घरातील बोलण्याविषयीचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. बेटी हार्ट व टॉड रिस्ली यांनी 1995 मध्ये अमेरिकेतील 42 कुटुंबांच्या निरीक्षणावरून असे अनुमान काढले की सुस्थित घरांतील मुलांच्या कानी चौथ्या वर्षापर्यंत गरीब घरांतील मुलांपेक्षा तीन कोटी शब्द अधिक पडतात. हा आकडा जगभर गाजला आणि त्यावर मोहिमा उभ्या राहिल्या. डग्लस स्पेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर पाच वेगवेगळ्या समाजांतील नोंदी तपासल्या, तेव्हा मुलाच्या आसपास चाललेले बोलणे आणि आईखेरीज इतर माणसांचे बोलणे मोजले असता ही दरी बरीचशी नाहीशी होते असे त्यांना दिसले. मूळ मांडणीच्या समर्थकांचे उत्तर असे, की कानावर पडणारे सगळेच शब्द सारखे उपयोगी नसतात; मुलाला उद्देशून केलेले बोलणेच भाषा वाढवते. मेंदूच्या प्रतिमांवर आधारलेल्या नंतरच्या काही अभ्यासांनी एकूण शब्दसंख्येपेक्षा संवादाच्या फेऱ्यांना, म्हणजे मूल काही म्हणते, मोठे माणूस उत्तर देते आणि मूल पुन्हा बोलते या क्रमाला, अधिक महत्त्व दिले आहे. वाद मिटलेला नाही, तरी शब्द मोजण्याकडून संवाद पाहण्याकडे चर्चा सरकली, ही प्रगतीच म्हणावी लागेल.

या सगळ्या मांडणीत एक गृहीत लपलेले आहे : चांगले पालक म्हणजे मुलासमोर बसून त्याच्याशी खेळणारे व सतत बोलणारे पालक. बार्बरा रोगॉफ, जयंती मिस्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये ग्वातेमालातील माया गाव, तुर्कस्तानातील व अमेरिकेतील शहरी वस्त्या आणि राजस्थानातील ढोल-की-पाटी हे आदिवासी गाव यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून हे गृहीत सार्वत्रिक नसल्याचे पुढे आले. शहरी मध्यमवर्गीय आईबाप मुलाचे खेळगडी व शिक्षक होतात, तर माया व आदिवासी गावांत मुले मोठ्यांच्या कामात वावरत, बारकाईने पाहत शिकतात आणि त्यांच्या खेळात सोबत असते ती बहुधा भावंडांची. ग्रामीण महाराष्ट्रातही मूल आजीच्या मांडीवर, थोरल्या बहिणीच्या कडेवर, खळ्यात आणि पाणवठ्यावर वाढते. भाकरी थापणाऱ्या आईशेजारी पिठाचा गोळा घेऊन बसलेले मूल तिच्या हाताकडे टक लावून पाहत आपली भाकरी थापते, आई तोंडाने फारसे सांगत नाही, पण त्याचा गोळा फाटला की हात थांबवून तो नीट करून देते. या देवाणघेवाणीत शब्द थोडे असले तरी प्रतिसाद पूर्ण आहे. परदेशी मोजपट्टीत ती कमी भरते, आणि तेवढ्यावरून ती उणी ठरवणे शास्त्राला धरून नाही.

त्याचबरोबर परंपरागत घराचे गुणगान करून थांबणेही अपुरे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. बीड-अहिल्यानगरच्या पट्ट्यातून ऊसतोडीसाठी जाणाऱ्या कुटुंबांची लहान मुले वर्षातील पाच-सहा महिने कारखान्यालगतच्या कोप्यांत राहतात. पहाटे आईबाप फडात गेल्यावर त्यांना सांभाळणारे थोरले भावंड स्वतःच आठ-दहा वर्षांचे असते. अशा घरांना ‘मुलाशी अधिक बोला’ हा सल्ला देण्याआधी पाळणाघर देणे आवश्यक आहे. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी 1969 मध्ये दिल्लीत आणि पुढे मुंबईत सुरू झालेल्या फिरत्या पाळणाघरांची चळवळ याच जाणिवेतून उभी राहिली.

खेळ : मोकळा, योजलेला आणि हरवलेला

खेळाविषयी बालशिक्षणाच्या चळवळीत जवळजवळ एकमत आहे. संशोधकांत मात्र ते नाही. चळवळीचा मुख्य वैचारिक आधार रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगोत्स्की यांचा आहे. कल्पनेच्या खेळात मूल आपल्या वयापेक्षा पुढचे वागते, कारण भूमिकेचे नियम पाळण्यासाठी ते स्वतःच्या तत्काळ इच्छेला आवर घालते, असे त्यांनी मांडले. भातुकली जवळून पाहिली तर याचा प्रत्यय येतो. चार वर्षांची मुलगी करवंटीत वाळू घालून ‘भात’ शिजवते, तेव्हा एक वस्तू दुसरीच्या जागी योजली जाते आणि हीच प्रतीकाची क्षमता पुढे अक्षर व अंक समजण्यासाठी लागते. ‘पाहुणे’ आल्यावर आधी पाणी द्यायचे, मग जेवण वाढायचे, हा क्रम ती पाळते. आणि ‘आई’ झालेल्या मैत्रिणीने मध्येच खेळ सोडला तर तिची समजूत काढून खेळ पुन्हा उभा करते. भाषा, क्रम, संयम आणि वाटाघाट यांचा असा एकत्र सराव देणारे दुसरे साधन या वयात सहसा आढळत नाही.

मात्र एखादी गोष्ट विकासासोबत आढळणे आणि तिच्यामुळे विकास होणे, हे वेगळे. अँजेलिन लिलार्ड व सहकाऱ्यांनी 2013 मध्ये कल्पनेच्या खेळावरील अनेक दशकांच्या संशोधनाचा कठोर आढावा घेतला आणि या खेळामुळेच सर्जनशीलता, बुद्धी वा आत्मनियंत्रण वाढते असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. खेळ हा विकासाचे कारण असेल, विकासापर्यंत पोहोचण्याच्या अनेक मार्गांपैकी एक असेल, किंवा दुसऱ्याच कशाची तरी खूण असेल, या तिन्ही शक्यता त्यांनी खुल्या ठेवल्या. खेळाच्या बाजूच्या अनेकांना हा निष्कर्ष रुचला नाही. पण लिलार्ड यांचा आक्षेप खेळावर नव्हता, पुराव्याच्या दर्जावर होता, हे नोंदवणे अगत्याचे आहे.

यातून जो मध्यममार्ग पुढे आला त्याला मार्गदर्शित खेळ म्हणतात. मोठे माणूस उद्दिष्ट मनात ठेवून साहित्य मांडते, एखादा प्रश्न विचारते, पण खेळाचे सुकाणू मुलाच्या हाती राहते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महाविश्लेषणात, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात, सुरुवातीचे गणित आणि आकारांची ओळख यांबाबत मार्गदर्शित खेळ थेट शिकवण्यापेक्षा सरस ठरला. इतर अनेक बाबींत दोहोंत ठळक फरक आढळला नाही. भारतातील महत्त्वाचा पुरावा दिल्लीचा आहे. मोइरा डिलन, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की व सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेच्या बालवाड्यांतील दीड हजारांवर मुलांना संख्या आणि आकार यांचे गटखेळ दिले. वर्षभरानंतरही त्या मुलांची अंदाजाने राशी ताडण्याची व आकार ओळखण्याची जाण वाढलेली आढळली, पण पहिलीच्या गणितात ती इतर मुलांच्या पुढे नव्हती. खेळातली जाण शाळेतल्या अंकांशी आपोआप जोडली जात नाही. तो पूल कोणीतरी बांधावा लागतो. खेळ पुरेसा आहे असे मानणाऱ्यांनी आणि खेळ वेळेचा अपव्यय आहे असे मानणाऱ्यांनी, दोघांनीही या प्रयोगाशी प्रामाणिकपणे झुंजायला हवे.

महाराष्ट्राच्या शहरांत आणि आता तालुक्यांच्या गावांतही खेळाची खरी स्पर्धा आहे ती गृहपाठाशी. इंग्रजी माध्यमाच्या छोटा शिशू व मोठा शिशू वर्गांत तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला रेघोट्या, अक्षरे व शंभरपर्यंतचे अंक गिरवावे लागतात. यशपाल समितीने 1993 मध्येच शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचण्या व मुलाखती बंद करण्याची शिफारस केली होती. पालकांच्या बाजूनेही विचार व्हायला हवा : पुढच्या वर्गात प्रवेश मिळेल की नाही ही त्यांची चिंता खरी असते, आणि वहीत भरलेले पान हाच त्यांना दिसणारा एकमेव पुरावा असतो. लवकर औपचारिक शिक्षण देण्याच्या विरोधात अमेरिकेतील टेनेसी राज्याचा दाखला दिला जातो. तेथील राज्य पुरस्कृत बालवाडीत चिठ्ठीने प्रवेश मिळालेली मुले सहावीत पोहोचली तेव्हा प्रवेश न मिळालेल्यांपेक्षा परीक्षेत व शिस्तीत मागे होती. तेथील वर्गांत सामूहिक सूचनांचा व बसून करण्याच्या कामांचा भर जास्त होता, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण मानले जाते. ते सिद्ध झालेले नाही, आणि बालवाडीच निरुपयोगी असा अर्थ तर त्यातून मुळीच निघत नाही.

वाचन : पुस्तक आधी, अक्षर नंतर?

वाचन म्हणजे अक्षर ओळखणे, ही समजूत मराठी शाळेत खोलवर रुजलेली आहे. गेल्या चार दशकांत तिच्या शेजारी अंकुरत्या साक्षरतेची कल्पना उभी राहिली : मूल अक्षर ओळखण्याच्या कितीतरी आधी गोष्टी ऐकते, चित्रांचा अर्थ लावते, पुस्तक उलटे-सुलटे ओळखते, यमकांशी खेळते आणि रेघोट्या मारून ‘लिहिते’, आणि हे सर्व वाचनाचेच पहिले टप्पे आहेत. बडबडगीतांचे महत्त्व येथे आहे, कारण त्यांतून ध्वनिभान, म्हणजे शब्द लहान ध्वनींचा बनलेला असतो ही जाणीव, मुलाला नकळत येते.

मुलाला मांडीवर घेऊन पुस्तक वाचून दाखवण्याने नेमके काय साधते, यावर बराच अभ्यास झाला आहे. 1995 च्या एका गाजलेल्या विश्लेषणानुसार मुलांच्या भाषा व वाचन क्षमतांत जो फरक आढळतो त्याचा सुमारे 8 टक्के भाग घरातील सहवाचनाशी निगडित आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी 1988 पासून संवादी वाचनाची पद्धत मांडली. तीत मोठे माणूस सलग वाचत जात नाही. चित्रात काय चालले आहे ते विचारते, मुलाच्या ‘भूभू पळाला’ या उत्तराला ‘हो, काळा भूभू मांजरामागे पळाला’ असे वाढवून परत देते, आणि हळूहळू गोष्ट सांगण्याचे काम मुलाकडे सोपवते. 2019 मध्ये क्लेअर नोबल व सहकाऱ्यांनी अशा प्रयोगांचे एकत्र विश्लेषण केले, तेव्हा मात्र परिणाम पूर्वी वाटले त्यापेक्षा बराच लहान निघाला, आणि तुलनेतील मुलांनाही तितकाच वेळ दुसरे काही देण्यात आले असेल तर तो जवळजवळ उरला नाही. यावरून पुस्तक निरुपयोगी ठरत नाही. मुलासोबत मोठ्यांनी घालवलेला एकाग्र वेळ हा त्यातील मुख्य घटक असावा, असा अर्थ अधिक संभवतो. शिवाय हे प्रयोग बहुतेक काही आठवड्यांचेच असतात, तर घरातील वाचनाची सवय वर्षानुवर्षांची असते.

अक्षरओळख केव्हा सुरू करावी याबाबत न्यूझीलंडमधील सेबॅस्टियन सगेट यांचा अभ्यास उपयोगी आहे. पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या मुलांची त्यांनी तुलना केली. अकराव्या वर्षापर्यंत दोन्ही गट वाचनात बरोबरीला आले. परंतु हे निष्कर्ष इंग्रजीविषयीचे असून सातव्या वर्षी वाचू लागलेल्या मुलांच्या भोवती तोपर्यंत गोष्टी व बोलणे भरपूर होते. ज्या घरी पुस्तक नाही त्या घरातील मुलाला केवळ थांबवून ठेवण्याने तसाच निकाल मिळेल असे मानता येत नाही.

देवनागरीचा प्रश्न इंग्रजीहून निराळा आहे. ध्वनी आणि चिन्ह यांचे नाते आपल्याकडे बरेच नियमित आहे, त्यामुळे वाचन सोपे असावे असे वाटते. पण स्वरचिन्हे व जोडाक्षरे धरता मुलासमोर येणारी अक्षररूपे शेकड्यांनी असतात. सोनाली नाग यांनी कन्नडच्या संदर्भात दाखवून दिले की अशा लिपीत अक्षरांवर प्रभुत्व येण्याचा काळ इंग्रजी वर्णमालेपेक्षा बराच लांब, प्राथमिक शाळेच्या चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत चालतो. मराठीपुरता सर्वांत महत्त्वाचा अभ्यास शैलजा मेनन व सहकाऱ्यांचा आहे. 2013 ते 2016 या काळात पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथील मुलांचा त्यांनी पहिली ते तिसरी असा मागोवा घेतला. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरे, बाराखडी आणि नक्कल करून लिहिणे यांत जातो, अर्थ समजून घेणे व स्वतःचे लिहिणे यांना जागाच उरत नाही आणि तिसरीच्या अखेरीसही अनेक मुले साधा मजकूर समजून वाचू शकत नाहीत, असे त्यांत आढळले. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी वर्णमालेचा क्रम सोडून, थोडी अक्षरे व स्वरचिन्हे एकत्र घेऊन लगेच अर्थपूर्ण शब्द वाचायला देणारी पद्धत अनेक वर्षे विकसित केली, आणि सोनाळे येथील ‘क्वेस्ट’ संस्थेने अंगणवाडी व प्राथमिक वर्ग यांच्यासाठी गोष्ट, गप्पा व अक्षरकाम यांचा मेळ घालणारे कार्यक्रम उभे केले. अक्षर की अर्थ, हा वाद या प्रयोगांत बऱ्याच अंशी निकालात निघालेला दिसतो : दोन्ही हवीत आणि एकाच दिवशी हवीत.

पुस्तके असतील तरच हे शक्य आहे. मराठी बालसाहित्याचा इतिहास 1806 मध्ये तंजावरला छापलेल्या ‘बालबोधमुक्तावली’पर्यंत मागे जातो, पण त्याचा भर दीर्घकाळ वाचता येणाऱ्या मुलांवर आणि बोधावर राहिला. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी चित्र व शब्द यांना समान वजन असलेले पुस्तक मराठीत उशिरा आले, आणि त्यात माधुरी पुरंदरे यांच्या कामाचे स्थान मोठे आहे; घरातील साध्या गोष्टी त्यांनी मुलाच्या उंचीवरून पाहिल्या आणि स्वतः चित्रित केल्या. त्यांना 2014 मध्ये बालसाहित्यासाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 2004 पासून ‘प्रथम बुक्स’ने कमी किमतीची पुस्तके अनेक भारतीय भाषांत आणली. तरीही अंगणवाडीच्या कपाटातील पुस्तके मुलांच्या हाती फाटतील या धास्तीने कुलुपात राहतात. फाटलेले पुस्तक ही उपयोगाची खूण मानणारी हिशेबपद्धती आली, तर हा अडथळा फार खर्च न करता दूर होऊ शकेल.

अंगणवाडी : तिन्ही धागे जेथे मिळतात

कुटुंब, खेळ आणि वाचन या तिन्ही अपेक्षा महाराष्ट्रात शेवटी एक लाखाहून अधिक अंगणवाड्यांतील सेविकांवर येऊन ठेपतात. सेविकेच्या सकाळची विभागणी पाहिली तर अडचण कळते. मुले गोळा करणे, हजेरी, मदतनिसासोबत आहाराचे वाटप, वजन-उंचीच्या नोंदी, गरोदर व स्तनदा मातांच्या गृहभेटी, मोबाइलवरील पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरणे आणि अधूनमधून येणारी सर्वेक्षणे, या सर्वांतून उरलेल्या वेळात गाणी, गोष्ट आणि खेळ बसवायचे असतात. राज्याने ‘आकार’ हा चांगला बालशिक्षण अभ्यासक्रम तयार केला आहे. कमतरता आहे ती तो राबवण्यासाठी लागणाऱ्या अखंड दोन तासांची.

या ठिकाणी तमिळनाडूतील प्रयोग विचार करायला लावतो. अलेहान्द्रो गानिमियन, कार्तिक मुरलीधरन व ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी 320 अंगणवाड्यांपैकी निम्म्यांत केवळ बालशिक्षणासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती जास्तीची दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलांच्या गणितात व भाषेत लक्षणीय वाढ झाली, आणि मूळ सेविकेला पोषणासाठी सवड मिळाल्याने वाढ खुंटण्याचे व तीव्र कुपोषणाचे प्रमाणही घटले. हा निष्कर्ष महाराष्ट्रात जसाच्या तसा लागू होईलच असे नाही, पण येथे तो तपासून पाहण्यासारखा निश्चितच आहे. सेविकांचा दर्जा हा त्याच प्रश्नाचा दुसरा भाग. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये त्यांना उपदानाचा हक्क मान्य केला. त्यानंतरही त्या मानधनावर काम करणाऱ्या ‘मानसेवी’ कार्यकर्त्या आहेत, आणि मानधनवाढीसाठी डिसेंबर 2023 पासून राज्यातील सेविकांनी दीर्घ संप केला. बालशिक्षणाच्या दर्जावरील चर्चेत हा विषय क्वचितच येतो. तो तेथे आणावाच लागेल, कारण प्रतिसाद देणाऱ्या मोठ्या माणसाचा वेळ हेच जर विकासाचे मुख्य साधन असेल, तर त्या वेळाचे मोल ठरवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

अनिर्णित प्रश्न

पहिला प्रश्न पडद्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शिकेत एक वर्षाखालील मुलांना पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको, असे म्हटले आहे. मोबाइल हातात देऊन घास भरवणे हा आता शहरी तसाच ग्रामीण अनुभव आहे. पडद्याचा थेट अपाय किती आणि त्याने हिरावलेल्या संवादाचा अपाय किती, हे वेगळे काढणे संशोधकांना अद्याप साधलेले नाही. आजी-आजोबा परगावी असताना होणारा चित्रसंवाद या मर्यादेत धरावा का, यावरही मते वेगळी आहेत.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. मुलाचा विकास मोजण्याच्या बहुतेक चाचण्या इंग्रजी भाषक समाजांत तयार झाल्या आणि नंतर भाषांतरित झाल्या. चित्र दाखवून नाव विचारण्याच्या चाचणीत गप्प राहणारे मूल शंभर शेळ्यांच्या कळपातून आपली शेळी ओळखते, पण हे कौशल्य कोणत्याच रकान्यात बसत नाही. स्थानिक मोजपट्ट्या करायच्या तर निष्कर्षांची तुलना अवघड होते, आणि सार्वत्रिक ठेवायच्या तर काही मुले कायम मागे दिसतात.

तिसरा, आणि महाराष्ट्रापुरता सर्वांत निकडीचा, घरच्या भाषेचा. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील माडिया व गोंडी, नंदुरबारमधील भिली व पावरी आणि पालघरमधील वारली बोलणाऱ्या मुलांसाठी अंगणवाडीतली प्रमाण मराठी ही परकी भाषा असते. राष्ट्रीय धोरण घरच्या भाषेतून शिकवण्याचा पुरस्कार करते, तर अनेक आदिवासी पालकांना मूल लवकरात लवकर मराठी बोलू लागावे असे वाटते, आणि दोन्ही बाजूंच्या मागे सबळ कारणे आहेत. सेविका त्याच पाड्यावरची असेल तर ती गोष्ट घरच्या भाषेत सांगते आणि मराठी शब्द हळूहळू आणते. बदली होऊन आलेल्या शिक्षकाला पहिलीच्या वर्गात ते जमत नाही. बालवाडीतून पहिलीत जाताना भाषेचा हा दुवा किती वर्षे जपावा, लिपीची ओळख कोणत्या भाषेतील शब्दांपासून करावी आणि त्यासाठी कोरकू वा माडियातील गोष्टींची पुस्तके कोणी तयार करावीत, यांवर राज्याच्या पायाभूत स्तराच्या अंमलबजावणीत निर्णय घ्यावे लागणार आहेत.